पणजोबांची फळी

गेल्या उन्हाळ्यात रत्नागिरीजवळचे आमचे जुने घर रिकामे करत होतो. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत एक लाकडी फळी सापडली. पोस्टकार्डाहून लहान, कडा हाताळून गुळगुळीत झालेल्या, मधोमध भोक आणि त्यातून ओवलेली काळपट दोरी. दोरीला चार गाठी. चुलतभाऊ म्हणाला, गवंड्याचा ओळंबा असेल. वहिनीला ती जाळे विणायची पट्टी वाटली. फळी भंगारात जायच्या बेतात होती.

मला आत्याआजी आठवली. लहानपणी ती सांगायची, "आमचे बाबा गलबतावर असले की रात्री दोरी दातांत धरून आकाशाकडे बघत. आम्हांला वाटे, काहीतरी व्रत असेल." बाबा म्हणजे माझे पणजोबा. त्यांची दुसरी खूण घरात एकच होती : जमिनीच्या जुन्या कागदावरचा अंगठा.

मित्रमैत्रिणींनो, आठवीत भूगोलाच्या सरांनी फळ्यावर पृथ्वी काढून सांगितलेले तुम्हांला आठवत असेल. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, साधारण तितके आपले अक्षांश. ते वाक्य मला इतक्या वर्षांनी उपयोगी पडले.

वाचत गेलो तेव्हा कळले की हे नौकानयनाचे साधन आहे. अरबी दर्यावर्दी याला 'कमाल' म्हणत. दोरीची गाठ दातांत धरायची, दोरी ताठ होईपर्यंत फळी समोर न्यायची. खालची कड क्षितिजाला आणि वरची ध्रुवाला टेकली, की त्या गाठीचे बंदर ज्या अक्षांशावर आहे त्याच अक्षांशावर आपण आहोत. मग पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे वळायचे. बंदर कितीही दूर असले तरी ते त्याच रेषेवर सापडते. मोजायचे एकक होते 'इसबा', म्हणजे बोट. एक इसबा दीड अंशाहून किंचित जास्त.

१४९८ साली वास्को द गामाला आफ्रिकेच्या मालिंदीहून कालिकतला आणणाऱ्या वाटाड्याकडे फळ्यांचे एक साधन होते, असे पोर्तुगीज इतिहासकार बारोस लिहितो. त्या वाटाड्याला तो गुजरातचा म्हणतो. १८३६ साली कलकत्त्यात जेम्स प्रिन्सेप यांनी अरबांच्या नौकानयन साधनांवर टिपण छापले. पुढच्याच वर्षी ब्राह्मी लिपीचे कोडे सोडवणारे तेच हे प्रिन्सेप.

पण साधन ओळखू आले म्हणून आमची फळी खरी ठरत नाही. अशा फळ्या शोभेसाठीही करता येतात. म्हणून मी पट्टी घेऊन बसलो. फळीची उंची ६ सेंटिमीटर. फळीपासून गाठींची अंतरे साडेचौदा, अठरा, वीस आणि साडेतीस सेंटिमीटर. गाठ जितकी जवळ तितका कोन मोठा, म्हणजे ठिकाण तितके उत्तरेला. दहावीची त्रिकोणमिती आठवून कोन काढले : साधारण २३.४, १८.९, १७ आणि ११.२ अंश.

नकाशा उघडला. मस्कत २३.६, मुंबई १८.९, रत्नागिरी १७, कोझिकोड ११.२५. बराच वेळ मी त्या आकड्यांकडे नुसता बघत राहिलो. खजुराचे मस्कत, मालाची मुंबई, लाकूड आणि नारळाचा मलबार आणि मधली गाठ घराची. शोभेची वस्तू करणारा माणूस रत्नागिरीची गाठ कशाला मारील?

यात आणखी एक मेख आहे. ध्रुवतारा नेमका ध्रुवबिंदूवर नसतो. शंभर वर्षांपूर्वी तो त्यापासून एक अंशाहून थोडा अधिक दूर होता, त्यामुळे रात्रभरात तो थोडा वरखाली होई. जाणते दर्यावर्दी ठरावीक तारे ठरावीक जागी आल्यावरच माप घेत. म्हणजे नुसती दोरी पुरत नाही, सगळे आकाश पाठ असावे लागते. होकायंत्र दिशा दाखवते, पण आपण किती उत्तरेला आलो ते सांगत नाही. त्या उत्तरावर गलबत, माल आणि खलाशांचे जीव अवलंबून असत.

आता कबुली. नववीत 'माझे घराणे' या निबंधात मी लिहिले होते : 'माझे पणजोबा अडाणी खलाशी होते. आमच्या घरात विद्या आली ती वडिलांपासून.' बाईंनी दहापैकी आठ गुण देऊन तो वर्गात वाचून दाखवला होता. घरी आत्याआजीलाही मी तो मोठ्या अभिमानाने वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, उठून आत गेली.

आत्याआजी आता नाही. बाई मात्र संमेलनाला येणार आहेत असे कळले. फळी मी बरोबर आणतो आहे. बाई, त्या निबंधातले ते दुसरे वाक्य कृपया खोडावे, आणि त्याचे गुणही वजा करावेत.