दातांची तार आणि घर्षणाचा हिशेब

दहावीच्या परीक्षेआधी तारा निघतील ना, हा प्रश्न सदाशिव पेठेतील दंतवैद्यांना नवा नाही. टिळक रस्ता, कुमठेकर रस्ता आणि त्यांच्यामधल्या गल्ल्यांतून शिकवणीला जाणाऱ्या अनेक मुलामुलींच्या हसण्यात धातूची चमक दिसते. दीड-दोन वर्षे चालणाऱ्या या उपचारात वेळ कशात जातो आणि ‘कमी घर्षणाच्या’ म्हणून जादा किमतीत मिळणाऱ्या ब्रेसेसने तो खरोखर वाचतो का, हे कळण्यासाठी तार आणि ब्रॅकेट यांच्यामधील घर्षण समजून घ्यावे लागते.

प्रत्येक दातावर चिकटवलेल्या ब्रॅकेटला मधोमध आडवी खाच असते. तिची उंची ०.०१८ किंवा ०.०२२ इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. या खाचेत तार बसवतात आणि ती निसटू नये म्हणून रबरी कडीने किंवा बारीक पोलादी तारेने बांधतात. दात फार पुढे आलेले असतील, तर बहुधा पहिल्या उपदाढा काढून त्या सुमारे सात मिलिमीटरच्या मोकळ्या जागेत सुळा मागे सरकवला जातो. रुळावरून डबा सरकावा तसा तो तारेवरून सरकतो. वेग मात्र महिन्याला एक मिलिमीटरच्या आसपास.

सुळा हलवण्यासाठी शंभर ते दीडशे ग्रॅम ओढ पुरते. पण लावलेली सगळी ओढ दातापर्यंत पोहोचत नाही. प्रयोगशाळेतील मोजमापांत १२ ते ६० टक्के ओढ घर्षणातच खर्ची पडते, असे आढळले आहे. मग जास्त जोर लावावा तर त्याची प्रतिक्रिया मागच्या दाढांवर होते. सुळा जागेवरच राहतो, दाढा पुढे येतात आणि दात काढून मिळवलेली मोलाची जागा भलत्याच बाजूने भरते. घर्षणाची खरी किंमत ही आहे. उशीर हा त्यातला लहान भाग.

हे घर्षण येते कुठून? तार किती घट्ट बांधली, हे पहिले कारण. दुसरे तारेचा धातू. गुळगुळीत पोलादी तार सर्वांत कमी अडते, निकेल-टायटॅनियमची तिच्याहून जास्त आणि बीटा-टायटॅनियमची सर्वाधिक. गंमत अशी, की वाकड्या दातांना हळुवार ओळीत आणण्यासाठी निकेल-टायटॅनियमच्या लवचीक तारेसारखी दुसरी तार नाही. म्हणून उपचाराच्या आरंभी ती आणि सरकवण्याच्या टप्प्यावर पोलादी, असा क्रम असतो. दातांच्या रंगाचे सिरॅमिक ब्रॅकेट दिसायला देखणे, पण त्यांची खाच खरखरीत. त्यामुळे काही प्रकारांत खाचेला धातूचे अस्तर देतात.

मात्र सर्वांत मोठे कारण वेगळेच आहे. जुन्या लाकडी कपाटाचा खण एका कडेने ओढला, तर तो तिरका होऊन अडकतो, हे पेठेतल्या घरांतून अनेकांनी अनुभवले असेल. दाताचे तसेच होते. ओढ लागते ती दाताच्या दिसणाऱ्या भागाला, आणि विरोध करणारे मूळ असते हाडात. त्यामुळे दात आधी कलतो आणि खाचेच्या दोन कडा तारेत रुततात. अमेरिकेतील रॉबर्ट कुसी आणि जॉन व्हिटली यांनी १९९०च्या दशकात या विरोधाचे तीन भाग केले : साधे घर्षण, तारेचे अडकणे आणि तारेला खाचा पडणे. कलण्याचा कोन वाढू लागला, की साधे घर्षण दुय्यम ठरते.

त्यावरचे उपाय जुने आहेत. ऑस्ट्रेलियाच्या रेमंड बेग यांनी १९५०च्या दशकात मांडलेल्या पद्धतीत गोल, बारीक तारेवर दाताला मोकळेपणी कलू देत आणि मुळे मागाहून सरळ करत. भारतातील दंत महाविद्यालयांत ही पद्धत बरीच वर्षे शिकवली गेली. दुसरा मार्ग म्हणजे दात तारेवरून सरकवायचाच नाही. तारेतच वळसे घालून तिच्या स्प्रिंगने तो ओढायचा. यात घर्षणाचा प्रश्न उरत नाही, पण वळसा अचूक घालण्यासाठी हात कसलेला लागतो आणि अन्न अडकते ते निराळेच.

तिसरा उपाय जाहिरातींतून सर्वांना ठाऊक झालेला : तार बांधण्याऐवजी छोट्या झडपेने बंद होणारा ब्रॅकेट. कल्पना १९३५ची, लोकप्रियता मात्र १९९०च्या दशकानंतरची. प्रयोगशाळेत, सरळ रेषेत ओढलेल्या तारेवर, याचे घर्षण खरोखरच फार कमी भरते. पण तोंडातला दात कलतो, आणि तारेच्या अडकण्यावर झडपेचा इलाज चालत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या दोन पद्धतशीर आढाव्यांत या ब्रॅकेटमुळे उपचाराचा एकूण काळ घटतो, याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. तार बदलताना खुर्चीतली काही मिनिटे वाचतात, एवढा फायदा मान्य झाला. तेव्हा केवळ ‘लवकर सुटका’ या आश्वासनावर जादा पैसे मोजण्याआधी पालकांनी दोन प्रश्न विचारावेत : जागा कोणत्या पद्धतीने मिटवणार, आणि दाढा पुढे येऊ नयेत म्हणून काय करणार? हाडात तात्पुरता बसवला जाणारा बारीक स्क्रू हे दुसऱ्या प्रश्नाचे एक चांगले उत्तर असू शकते.

चघळताना दात किंचित हलतात आणि अडकलेली तार सुटते, असेही म्हटले जाते. प्रत्यक्ष तोंडात केलेल्या मोजमापांत हा परिणाम भरवशाचा आढळला नाही.

घरच्या हाती असलेल्या गोष्टी साध्या आहेत. तारेवर साचलेला थर घर्षण वाढवतो, म्हणून प्रत्येक जेवणानंतर दात घासणे आणि ब्रॅकेटच्या मधे फिरणारा बारीक ब्रश वापरणे आवश्यक. कडक बाकरवडी, चिक्की, अख्खा पेरू यांनी ब्रॅकेट निघतो किंवा तार वाकते. वाकलेली तार खाचेतून सरकत नाही आणि पुढची भेट येईपर्यंतचे आठवडे वाया जातात. पारदर्शक रबरी कड्या हळदीने पिवळ्या पडतात, त्याची चिंता नको. त्या सैल पडतातच आणि ठरलेल्या भेटीत बदलल्या जातात.