मॅश टन

मॅश टन हे धान्यापासून बिअर तयार करताना वापरले जाणारे उष्णतारोधक भांडे आहे. भरडलेले माल्ट व गरम पाणी त्यात एकत्र ठेवतात आणि धान्यातील पिष्टाचे शर्करेत रूपांतर झाल्यावर तळाच्या तोटीतून गोड रस काढून घेतात. या रसास वर्ट म्हणतात. विकतचा माल्ट-अर्क न वापरता थेट धान्यापासून बिअर करणारे हौशी लोक हे भांडे बहुधा घरीच तयार करतात.

प्रयोजन

बारामती व इंदापूर तालुक्यांच्या उदाहरणावरून या भांड्याची गरज चटकन ध्यानात येते. माळेगाव, सोमेश्वरनगर व भवानीनगर येथील साखर कारखान्यांतून निघणाऱ्या मळीत शर्करा आयतीच असते. पाणी व यीस्ट मिळताच ती आंबते. ज्वारी, गहू, जव यांत मात्र मुख्यतः पिष्ट असते आणि ते यीस्टला पचत नाही. धान्याला मोड आणल्यावर पिष्ट फोडणारी अ‍ॅमिलेज नावाची विकरे त्यात वाढतात. मोड आलेली नाचणी वाळवून सत्त्व करणाऱ्या घरांना ही क्रिया नावाने नसली तरी चवीने परिचित आहे. माल्ट म्हणजे असेच मोड आणून वाळवलेले धान्य, बिअरसाठी प्रामुख्याने जव.

रचना व कार्य

घरगुती मॅश टनसाठी जाड भिंतींची बर्फपेटी वापरतात. तळाशी छिद्रे पाडलेली तांब्याची नळी किंवा स्टीलची जाळी बसवून ती तोटीला जोडतात. खरी गाळणी मात्र जवाच्या टरफलांचा थर हीच असते. ज्वारीच्या दाण्याला असे टरफल नसते, शिवाय तिचे पिष्ट जवापेक्षा अधिक तापमानाला शिजते; म्हणून ज्वारीच्या मुलखातही हे भांडे केवळ ज्वारीवर नीट चालत नाही. आफ्रिकेतील ज्वारीच्या बिअरच्या पद्धती त्यामुळेच वेगळ्या आहेत.

२० लिटर बिअरसाठी साधारण ४ ते ५ किलो माल्ट लागते व दर किलोस २.५ ते ३ लिटर पाणी. मिश्रण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसवर तासभर ठेवतात. तापमान थोडे कमी राहिल्यास बिअर पातळ व कोरडी, जास्त राहिल्यास दाट होते. ७७ अंशांपुढे विकरे निकामी होतात. धान्य थंड असल्याने पाणी काही अंश अधिक तापवून ओततात. रूपांतर पूर्ण झाले की नाही, हे आयोडीनचा थेंब टाकून पाहतात. शाळेत बटाट्याच्या फोडीवर करतात तोच हा प्रयोग: निळा-काळा रंग आल्यास पिष्ट शिल्लक आहे. नंतर धान्य गरम पाण्याने धुऊन उरलेली शर्करा काढतात, वर्ट हॉप्ससह उकळतात, थंड करून त्यात यीस्ट मिसळतात.

कायदेशीर स्थिती

ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठीची परवान्याची अट १९६३ साली रद्द झाली. अमेरिकेत १९७८ च्या संघीय कायद्याने स्वतःच्या वापरापुरती, दोन प्रौढांच्या घरात वर्षाला २०० गॅलनपर्यंत (सुमारे ७५७ लिटर) करमुक्त बिअर करण्यास मुभा दिली. मात्र अलाबामा व मिसिसिपी या राज्यांत ती २०१३ मध्ये मिळाली.

भारतात मद्य हा राज्यसूचीतील विषय आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याविना मद्य तयार करणे हा गुन्हा असून, ते स्वतःपुरते होते हा बचाव ठरत नाही. त्या उद्देशाने साहित्य किंवा उपकरण बाळगणे हेदेखील दंडनीय आहे. त्यामुळे अमेरिकेतील मराठी कुटुंबाच्या तळघरात जे भांडे छंदाचे साधन असते, तेच बारामतीत माल्टसह सापडल्यास गुन्ह्याचा पुरावा ठरू शकते. नुसती बर्फपेटी बाळगण्यास अर्थातच हरकत नाही.