बैलाच्या पाठीवरचा वळ दिसतो, मनाचं काय?

मंडळी, कर्नाळ्याचा सुळका आपण येता-जाता गाडीतून बघतो. बोरघाटातून पनवेल आणि आपट्याच्या बंदरांकडे उतरणाऱ्या वाटेवर नजर ठेवायची, हे या किल्ल्याचं काम. पण त्या वाटेवरचा माल वाहिला कोणी? बैलांनी. आधी पाठीवर गोणी घेऊन, आणि १८३० साली बोरघाटात गाडीरस्ता झाल्यावर मानेवर जू घेऊन. पनवेलची लाकडी चाकं तर इतकी नावाजलेली, की घाटावरचे गाडीवान परतताना इथून जोडी घेऊन जायचे.

या बैलांचे हाल लोकांना दिसत नव्हते असं नाही. १८७४ साली मुंबईत प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी संस्था निघाली. पुढच्या दशकात परळला बाई साकरबाईंच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय उभं राहिलं. १९६० साली देशाचा कायदा आला: मारहाण नको, जास्त भार नको, जखमी किंवा म्हातारं जनावर कामाला जुंपायचं नाही. सगळं बरोबर. पण हे सगळं डोळ्यांना दिसणारं दुखणं.

न दिसणारं दुखणं शेतकऱ्याला आधीपासून ठाऊक होतं. जोडीतला एक बैल विकला की दुसरा वैरणीला तोंड लावत नाही, हे जुनी माणसं सांगायचीच. विज्ञान तिथे उशिरा पोचलं. २००४ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी उंदरांना शिकवलं, की एक आवाज म्हणजे खाऊ आणि दुसरा म्हणजे त्रास. मग दोन्हींच्या मधला आवाज ऐकवला. ज्यांचं राहणं सतत विस्कटलं जात होतं, ते उंदीर खाऊची आशाच कमी धरत. उदास माणूसही असाच वागतो ना! २०१३ साली कॅनडात हाच प्रयोग वासरांवर झाला, आवाजाऐवजी रंग दाखवून. शिंगांचे कोंब डागल्यानंतर वासरंही तशीच निराश वागली. म्हणजे माणसाचं डिप्रेशन जसंच्या तसं बैलाला होतं असं नाही. पण वाईट वागणुकीने जनावराचा मूड ढासळतो, आणि तो मोजता येतो.

आता आपल्याकडे या. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या. त्या निकालात भीती आणि मानसिक त्रासापासून जनावराची मुक्तता, हा मुद्दा स्पष्ट होता. मग राज्याने कायदा बदलला, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने तो मान्य केला. काठी नाही, चाबूक नाही, विजेचा धक्का नाही, या अटी आहेत. चांगल्याच आहेत. पण त्या शर्यतीच्या दिवसापुरत्या. उरलेल्या दिवसांत तो बैल एकटा, आखूड दाव्याला बांधलेला असेल तर? आणि पोल्ट्रीच्या पिंजऱ्यात पंखही न पसरता येणाऱ्या कोंबडीचं काय? तिच्यासाठी तर कोणी मैदानात जमतही नाही.

मी शर्यतीच्या विरोधात नाही, बैलावर जीव लावणारी माणसं मी पाहिलीत. पण पोळ्याला पुरणपोळी भरवणाऱ्या हातांनी वर्षभर एवढं तरी बघावं: दावं लांब आहे का, सोबतीला जोडीदार आहे का, माणूस जवळ आला की बैल मान पुढे करतो की अंग चोरतो?

तुमच्या गोठ्यातलं जनावर काय करतं? खाली नक्की लिहा.