चुलीची वाफ आणि गृहिणीचा वाचलेला वेळ

राजांच्या स्वाऱ्यांना इतिहासात भरपूर जागा मिळते. घरोघरी रोज पेटणाऱ्या चुलीचा वृत्तान्त मात्र कोणी लिहून ठेवीत नाही. म्हणून आपल्या स्वयंपाकघरांत आता रुळलेल्या प्रेशर कुकरची कथा ज्ञातिबंधू-भगिनींपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटले.

या भांड्याचा मूळ कल्पक देनी पापँ हा फ्रेंच शास्त्रज्ञ होय. १६७९ साली त्याने लंडन येथे घट्ट झाकणाच्या भांड्यात वाफ कोंडून कठीण हाडेही मऊ शिजवून दाखविली. भांडे फुटू नये म्हणून त्याने त्यास वाफ सोडणारी झडपही बसविली. आपल्या देशात १९१० च्या सुमारास इंदुमाधव मल्लिक या बंगाली डॉक्टरांनी इकमिक कुकर निर्माण केला. त्यात एकावर एक डबे रचून खाली कोळशाची शेगडी ठेवीत. मात्र ते केवळ वाफेवरचे शिजविणे होते, त्यात दाब नव्हता. पुढे १९५९ साली मुंबईस हॉकिन्सचा उद्योग निघाला आणि दाबाचा कुकर हळूहळू मध्यमवर्गीय घरांत आला.

यातील शास्त्र सोपे आहे. उघड्या भांड्यात पाणी सुमारे १०० अंश सेल्सिअसला उकळते. मग जाळ कितीही वाढवा, पाणी त्याहून तापत नाही. कोंडलेल्या वाफेचा दाब वाढला की तेच पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते व अन्न लवकर शिजते. इंधन वाचते, आणि पेज ओतून न दिल्याने भातातील सत्त्वही भातातच राहते.

आज नंदनवनात राहणाऱ्या आमच्यासारख्या अनेकांचे बालपण चुलीशेजारी गेले. वैशाखातील नागपूरचे ऊन बाहेर, धूर आत, आणि गंजात तुरीची डाळ शिजण्याची वाट पाहत डोळे पुसणारी आई, हे चित्र आम्ही विसरलेलो नाही. कुकर घरी आला तेव्हा आजीने त्यातील वरणास चव नाही असा निकाल दिला, आणि पहिल्या शिट्टीस आम्ही मुले ओसरीवर पळालो.

परंतु येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. कुकरने आईचा जो वेळ वाचविला, तो प्रथम आम्हीच गिळला. वरण लवकर होते म्हणून आम्ही आणखी एक भाजी मागितली. आई पुस्तक घेऊन बसली की कोणास तरी चहा हवा असे. यंत्राने श्रम कमी केले, पण विश्रांती देणे यंत्राच्या हाती नव्हते. ते आमच्या हाती होते, आणि आम्ही ते केले नाही.

तेव्हा आमची विनंती एवढीच की, कुकर मानक चिन्हाचा घ्यावा, वाफेचे छिद्र रोज साफ करावे, जुने रबर वेळीच बदलावे, आणि वाफ पूर्ण गेल्याशिवाय झाकण कोणी उघडू नये. आणि शिट्टी झाल्यावर घरातील पुरुषांनी व मुलांनी स्वतः उठून पाने मांडावीत. वाचलेला वेळ जिचा आहे, तो तिलाच मिळावा. तरच या शोधाचे खरे सार्थक झाले असे आम्ही म्हणू.