जुन्या गाडीचा हीटर: माणसारख्या कोरड्या भागातही त्याची दुरुस्ती का टाळू नये?

माण तालुक्यात गाडीला हीटर हवा कशाला? दहिवडी, म्हसवड हा सगळा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पाऊस कमी आणि उन्हाळा कडक. हिवाळ्यात पहाटे गारठा असतो, पण काचा वर केल्या की भागते. त्यामुळे जुन्या गाडीतला बंद पडलेला हीटर वर्षानुवर्षे तसाच राहतो.

इथेच गडबड होते. इंजिन थंड ठेवणारे पाणीच हीटरमधून फिरते. हीटर गळू लागला की रेडिएटरमधले पाणी कमी होते, इंजिन तापते आणि हेड गॅसकेट उडू शकते. म्हणजे हीटरचा बिघाड हा इंजिनचा बिघाड आहे.

हीटर चालतो कसा?

पेट्रोल जळताना तयार होणारी बरीचशी उष्णता इंजिनभोवतीचे पाणी शोषून घेते. हे गरम पाणी रेडिएटरमध्ये जाऊन निवते. त्यातलाच एक फाटा होज पाईपने डॅशबोर्डखाली जातो. तिथे पितळ-तांब्याचा छोटा रेडिएटर असतो, त्याला हीटर कोअर म्हणतात. ब्लोअर त्यावर हवा सोडतो आणि ती गरम हवा पायाशी आणि पुढच्या काचेवर येते. पाणी परत इंजिनकडे जाते.

यात चार मुख्य भाग असतात: कोअर, पाणी सोडणारा-बंद करणारा कॉक, होज पाईप आणि ब्लोअरची मोटर.

बिघाड कसा ओळखायचा?

- गाडीत गोडसर वास, काचेवर तेलकट धुके, पायाखालची मॅट ओली: कोअर किंवा त्याचा जोड गळतो आहे.
- इंजिन तापले, तरी हीटरच्या दोन होजपैकी एक गरम आणि दुसरा गार: कॉक अडकला आहे किंवा कोअर तुंबला आहे.
- दोन्ही होज कोमट: पाणी कमी आहे, किंवा थर्मोस्टॅट उघडाच अडकला आहे.
- दोन्ही होज गरम, पण हवा येत नाही: फ्यूज, वायरिंग किंवा ब्लोअर मोटर तपासावी.

होज तपासण्याआधी इंजिन बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण तर कधीच उघडू नये, दाबाखालचे उकळते पाणी थेट तोंडावर उडते.

थर्मोस्टॅटबद्दल एक सवय आपल्याकडे सर्रास दिसते. गाडी तापू लागली की मेकॅनिक तो काढूनच टाकतात. त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला यायला फार वेळ लागतो, पेट्रोल जास्त जाते आणि झीज वाढते. हीटरही कोमट हवाच देतो. तापण्याचे मूळ कारण मात्र बहुतेक वेळा तुंबलेल्या रेडिएटरमध्ये असते.

खरा शत्रू: बोअरचे पाणी

बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापले की ते बाहेर पडून घट्ट बसतात. चहाच्या पातेल्यात किंवा गिझरमध्ये जमणारा पांढरा थर हाच. हा थर उष्णता नीट जाऊ देत नाही.

वाफ होऊन पाणी उडते, पण क्षार मागेच राहतात. पुन्हा तेच पाणी भरले की क्षारांची भर पडते. हीटर कोअरच्या नळ्या अरुंद, आणि हीटर बंद असेल तर त्यातले पाणी साचलेलेच राहते. म्हणून गाळ तिथे लवकर बसतो.

उपाय साधा आहे. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट यांचे मिश्रण वापरावे. कूलंटमुळे पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो आणि धातूला गंज लागत नाही. जुन्या गाडीसाठी तांबे-पितळ आणि डागाच्या जोडांना चालणारेच कूलंट घ्यावे. दोन वेगळ्या प्रकारची कूलंट एकत्र करू नयेत, त्याने गाळ होऊ शकतो.

दुरुस्ती कशी करतात?

१. कोअर बाहेर काढणे. इंजिन पूर्ण गार झाल्यावर पाणी भांड्यात काढून घ्यावे. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते विषारी आहे आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्री किंवा शेळ्या ते पिऊ शकतात. जमिनीवर ओतू नये. जुना कडक होज ओढून काढला तर कोअरची पितळी नळी वाकते. तो ब्लेडने उभा चिरून काढावा.

२. धुणे. आधी पाणी नेहमीच्या दिशेच्या उलट सोडावे, म्हणजे अडकलेला गाळ मागे निघतो. मग कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड (लिंबूसत्त्व) विरघळवून काही वेळ भरून ठेवावे. ते थर हळूहळू सोडवते. फरशी धुण्याचे तीव्र ॲसिड वापरू नये, ते धातूलाच खाते. शेवटी भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे.

३. गळती शोधणे. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधतात तीच रीत. एक तोंड बंद करून कोअर पाण्यात बुडवायचा आणि दुसऱ्या तोंडातून हलका दाब द्यायचा. बुडबुडे येतील तिथे भोक. रेडिएटरच्या झाकणावर लिहिलेल्या दाबापेक्षा फार जास्त हवा सोडू नये. टायरच्या कॉम्प्रेसरने पूर्ण दाब दिला तर चांगले जोडही सुटतात.

४. डाग देणे. एखादे भोक किंवा सुटलेला जोड रेडिएटरवाला डाग देऊन बंद करतो. नळ्याच पातळ झाल्या असतील तर डाग टिकत नाही. एक बुजवला की शेजारी दुसरे भोक पडते. अशा वेळी जुनी चौकट ठेवून आतली जाळी नवी बसवून घेणे चांगले. रेडिएटरमध्ये ओतायची गळतीबंद पावडर हा तात्पुरता इलाज आहे. ती अरुंद नळ्याही बुजवते.

५. कॉक आणि मोटर. पितळी कॉक जाम झाला असेल तर साफ करून, ग्राइंडिंग पेस्टने बसवून पुन्हा वापरता येतो. ब्लोअर मोटरमध्ये सहसा कार्बन ब्रश झिजलेले असतात किंवा बुश कोरडे पडलेले असतात, आणि दोन्ही स्वस्तात होतात. नवी मोटर घेताना गाडी ६ व्होल्टची आहे की १२ ची, हे पाहावे. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, तेही तपासावे.

६. पाणी भरणे. हीटरचा कॉक उघडा ठेवूनच पाणी भरावे. नाहीतर आत हवा अडकते आणि नवा कोअरही गार राहतो.

सुटा भाग मिळेपर्यंत हीटरचे दोन्ही होज एकमेकांना जोडून कोअर वगळता येतो. त्यामुळे गाडी वापरात राहते.

घाटात उपयोगी

फलटणहून दहिवडीकडे येताना मोगराळे घाट लागतो. भर उन्हात चढावर जुन्या गाडीचा काटा वर जाऊ लागला, तर काचा खाली करून हीटर आणि ब्लोअर पूर्ण चालू करावा. आत उकडते, पण इंजिनची काही उष्णता बाहेर पडते आणि गाडी सुरक्षित जागी थांबवायला वेळ मिळतो. महाबळेश्वरच्या धुक्यात किंवा पावसात हाच हीटर पुढची काच साफ ठेवतो.

बीटलचा हीटर वेगळा

फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनात पाणीच नसते. तिथे धुराड्याच्या गरम नळीभोवतीच्या आवरणातून हवा आत येते. ती नळी गंजून फुटली तर कार्बन मोनॉक्साइड थेट गाडीत शिरतो. या वायूला रंग किंवा वास नसतो. डोकेदुखी, मळमळ किंवा चक्कर जाणवली तर ताबडतोब गाडी थांबवून मोकळ्या हवेत यावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. इथे ठिगळ लावू नये, तो भाग बदलावाच लागतो.

‘विंटेज’ नोंदणीला अडचण येते का?

२०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते. मात्र अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. मुंबईच्या कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सने बनवलेल्या फियाट ११०० डिलाइट या वयात कधीच पोहोचल्या आहेत.

गाडी मूळ रूपात हवी, आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरबदल नको, ही त्यातली अट आहे. हीटरचा कोअर दुरुस्त करणे हा असा फेरबदल नाही. उलट जुना कोअर फेकून देण्याऐवजी दुरुस्त केला, तर गाडीचे मूळ रूप टिकते. काढलेले मूळ भाग निकामी वाटले तरी भंगारात देऊ नयेत. पुढच्या दुरुस्तीला माप म्हणून तेच उपयोगी पडतात.