नशीब कोणी लिहिले? सटवाईचा लेख आणि योरुबा लोकांचे 'ओरी'

प्रस्तावना

दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठाला लागून मुनिरका हे जुने गाव आहे. मुनिरका आणि शेजारच्या बेर सराय, कटवारिया सराय या वस्त्यांच्या अरुंद गल्ल्यांत देशभरातून आलेले विद्यार्थी भाड्याच्या खोल्यांत राहून अभ्यास करतात. त्यांत मराठी मुलेमुलीही असतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला दरवर्षी लाखो अर्ज येतात आणि जागा साधारण हजाराच्या आसपास असतात. निकालाच्या यादीत नाव नसले की घरून फोन येतो आणि त्यात एक वाक्य ठरलेले असते: "जाऊ दे, नशिबात नव्हते."

हे वाक्य धीर देण्यासाठी म्हटले जाते आणि तेवढ्यापुरते ते उपयोगीही पडते. पण तुम्ही इतिहासाचे विद्यार्थी आहात. म्हणून त्या वाक्याला काही प्रश्न विचारा. हे नशीब लिहिले कोणी? ते वाचता येते का? वाचता आले तर बदलता येते का? आणि ते न बदलण्यात कोणाचा फायदा असतो?

वेगवेगळ्या समाजांनी या प्रश्नांची वेगवेगळी उत्तरे दिली. या टिपणात आपण दोन परंपरा शेजारी ठेवून पाहणार आहोत. पहिली महाराष्ट्रातील सटवाईची आणि दुसरी पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांची. दोन्हींत नशिबाचा संबंध डोक्याशी आहे. मात्र नशीब ठरवतो कोण, याबद्दल त्यांची मते वेगळी आहेत.

१. सटवाईची रात्र

महाराष्ट्रात मूल जन्मल्यावर पाचव्या दिवशी पाचवी आणि सहाव्या दिवशी सटवी पुजण्याची चाल आहे. गावागावांत आणि जातीजातींत तपशील बदलतात. सर्वसाधारणपणे पाटा-वरवंटा मांडून त्याची पूजा करतात, दिवा रात्रभर तेवत ठेवतात, बाळ-बाळंतिणीजवळ कोणीतरी जागे राहते. पूजेजवळ कोरा कागद आणि बोरू किंवा लेखणी ठेवली जाते. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचे आयुष्य लिहून जाते, अशी श्रद्धा आहे.

सटवाई हे षष्ठीदेवीचे लोकरूप आहे. संस्कृत साहित्यात या देवीचा माग बराच मागे जातो. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या 'कादंबरी'त सूतिकागृहाचे वर्णन आहे, त्यात षष्ठीदेवी येते. बालरोगांवरील 'काश्यपसंहिता' या आयुर्वेदाच्या ग्रंथातही तिची पूजा सांगितली आहे. षष्ठी म्हणजे सहावी, हे तिथीचे नाव देवीला मिळाले.

पण पाचवी-सहावीच रात्र का? यामागे बाळंतिणीच्या खोलीतला अनुभव असावा. नाळ अस्वच्छ विळ्याने कापली किंवा तिच्यावर राख-शेण लावले, तर नवजात बाळाला धनुर्वात होऊ शकतो. त्याची लक्षणे बहुधा तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान आणि पुष्कळदा पहिल्या आठवड्याच्या शेवटी दिसतात. बाळ दूध ओढेनासे होते, अंग ताठ होते. लस आणि स्वच्छ बाळंतपण येण्यापूर्वी हा आजार म्हणजे जवळजवळ मृत्यूच होता. सटवाई ज्या रात्री येते, त्याच सुमाराला मूल जगणार की नाही हे ठरत असे. आयांना ही वेळ नेमकी माहीत होती, कारण मात्र माहीत नव्हते. त्या अज्ञात कारणाला देवीचे नाव मिळाले. २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. निर्मूलन म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. त्या रात्रीच्या लेखातली एक ओळ पुसली गेली ती अशी.

आता त्या कोऱ्या कागदाकडे पाहा. १९०१ च्या जनगणनेत भारतात साक्षर माणसे शंभरात सुमारे पाच होती. म्हणजे ज्या घरात कोणालाच लिहिता-वाचता येत नव्हते, अशा घरातही नशीब लिहिले जाते अशीच कल्पना होती. गावात लिहिणारा तो कुलकर्णी किंवा सावकार. त्यांच्या वहीत काय लिहिले आहे ते शेतकऱ्याला वाचता येत नसे, पण ते त्याला बांधून ठेवत असे. सटवाईचा लेखही तसाच होता: दुसऱ्याने लिहिलेला, आपल्याला न वाचता येणारा आणि न चुकणारा.

२. नशिबाला मराठीत किती शब्द आहेत?

शब्दांची व्युत्पत्ती हे इतिहासाचे साधन आहे. मराठीत नशिबासाठी एकच कल्पना नाही, अनेक कल्पनांचे थर आहेत.

'नशीब' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. त्याचा मूळ अर्थ वाटा, हिस्सा. 'दैव' म्हणजे देवांकडून आलेले. 'विधिलिखित' आणि 'ब्रह्मलिखित' यांत लिहिणारा ब्रह्मदेव आहे. 'संचित' आणि 'प्रारब्ध' हे शब्द कर्मसिद्धान्ताचे आहेत. पूर्वजन्मांत साठवलेले ते संचित, त्यातले या जन्मी भोगायला आलेले ते प्रारब्ध आणि आज आपण करतो ते क्रियमाण.

यात एक फरक लक्षात घ्या. सटवाईच्या कल्पनेत लेख दुसऱ्याचा आहे, त्यामुळे माणूस दुर्दैवी असला तरी दोषी नसतो. कर्मसिद्धान्तात लेख त्याचा स्वतःचाच आहे, फक्त तो लिहिल्याचे त्याला आठवत नाही. इथे दुर्दैवी माणूस दोषीही ठरतो. व्यवहारात लोक दोन्ही कल्पना एकाच श्वासात वापरतात. 'दैव देते आणि कर्म नेते' ही म्हण तर त्यांना एकमेकांसमोर उभे करते. मिळालेले चांगले दैवही स्वतःच्या करणीने गमावता येते, असे ती सांगते.

३. अजालाने घडवलेली डोकी

आता पश्चिम आफ्रिकेकडे वळू. योरुबा लोक मुख्यतः नायजेरियाच्या नैऋत्य भागात आणि शेजारच्या बेनिन देशात राहतात. इले-इफे हे त्यांचे पवित्र नगर आहे. अटलांटिक पलीकडच्या गुलामांच्या व्यापारात लाखो आफ्रिकी माणसे अमेरिका खंडांत नेली गेली. त्यांत योरुबाही होते. त्यांच्याबरोबर त्यांचा धर्म क्यूबा आणि ब्राझीलमध्ये पोहोचला आणि आजही तिथे जिवंत आहे.

योरुबा भाषेत 'ओरी' म्हणजे डोके. दिसते ते बाहेरचे डोके. त्याच्या आत 'ओरी इनु' म्हणजे आतले डोके असते. माणसाचे भागधेय तिथे असते. हे ओरी म्हणजे त्या माणसाची खाजगी देवताच. ती इतर देवतांपेक्षा माणसाला जवळची मानली जाते, कारण ती फक्त त्याची असते. ओरीची पूजा करतात, त्याला नैवेद्य दाखवतात.

हे डोके येते कुठून? इफाच्या मौखिक परंपरेतील एक कथा अशी. ओबाताला हा देव माणसाचे शरीर घडवतो. मग ते शरीर स्वर्गातल्या अजाला नावाच्या कुंभाराकडे जाते आणि त्याने घडवलेल्या डोक्यांतून एक निवडते. अजाला कसबी आहे, पण बेफिकीर आणि कर्जबाजारी. त्याची काही डोकी नीट भाजलेली असतात, काही कच्ची. वरून सगळी सारखीच दिसतात.

तीन मित्र पृथ्वीवर यायला निघाले. दोघे थेट अजालाच्या घरी गेले, मिळाली ती डोकी उचलून निघाले. वाटेत पाऊस लागला आणि त्यांची कच्ची डोकी झिजून गेली. पृथ्वीवर त्यांनी किती राबावे, हाती काही लागेना. तिसरा अफुवापे हा ज्ञानाचा देव ओरुनमिला याचा मुलगा. निघण्यापूर्वी त्याने सल्ला घेतला आणि सांगितल्याप्रमाणे मीठ व पैसे बरोबर घेतले. वाटेत एक म्हातारा जेवणात राख घालत होता. अफुवापेने त्याला मीठ दिले. म्हाताऱ्याने खूश होऊन अजालाचे गुपित सांगितले. अफुवापे पोहोचला तेव्हा दारात सावकार बसला होता आणि अजाला घरात लपला होता. अफुवापेने त्याचे कर्ज फेडले. कृतज्ञ अजालाने त्याला स्वतः पारखून पक्के डोके काढून दिले.

या कथेतील नशीब आंधळे नाही. विचारून, थांबून, दुसऱ्याला मदत करून निवड सुधारता येते. पण कथेला दुसरीही बाजू आहे. पहिले दोघे वाईट नव्हते, त्यांना फक्त कोणी सांगितले नव्हते. योरुबा परंपरेत भागधेयासाठी तीन शब्द आहेत: 'अकुनलेयान' म्हणजे गुडघे टेकून निवडलेले, 'अकुनलेगबा' म्हणजे गुडघे टेकून मिळालेले आणि 'अयानमो' म्हणजे कायमचे जोडलेले. आपण निवडले की आपल्याला मिळाले, हा वाद त्या शब्दांतच शिल्लक आहे.

४. स्वतःला ओळखणे म्हणजे आठवणे

जन्माला येताना माणूस आपली निवड विसरतो, असे योरुबा मानतात. म्हणून स्वतःला ओळखणे म्हणजे विसरलेले पुन्हा आठवणे. त्यासाठी इफाची विद्या आहे. बाबालावो हा जाणकार सोळा ताडबिया किंवा एक साखळी वापरून २५६ चिन्हांपैकी एक काढतो आणि त्या चिन्हाशी जोडलेली पदे व कथा म्हणतो. ती तोंडपाठ करायला शिष्याची वर्षे जातात. ऐकणारा आपल्या अडचणीशी जुळणारी कथा त्यांतून ओळखतो. मूल जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांतही असा कौल घेतला जातो. युनेस्कोने २००५ मध्ये इफा परंपरेला मानवजातीच्या मौखिक व अमूर्त वारशात स्थान दिले.

सटवाईचा लेख वाचण्याची सोय नाही, ओरीला मात्र आयुष्यभर प्रश्न विचारता येतो. शिवाय केवळ चांगले ओरी पुरत नाही. त्याला 'एसे' म्हणजे पाय लागतात. एका कथेत सगळी डोकी बैठकीला जमतात आणि पायाला बोलावत नाहीत. त्यांनी ठरवलेले काहीच तडीला जात नाही. पाय म्हणजे कष्ट. त्याबरोबर 'इवा', म्हणजे शील, हवे. वाईट शीलाने चांगले ओरीही नासते. इथे आपली 'दैव देते आणि कर्म नेते' ही म्हण आठवेल.

५. महाराष्ट्रातला वाद

नशिबाची कल्पना फक्त धीर देत नाही, ती समाजव्यवस्थेचे समर्थनही करते. चौदाव्या शतकातील संत चोखामेळा यांच्या नावावरील एका अभंगात हलक्या मानलेल्या जातीतील जन्माचे कारण पूर्वजन्मात शोधलेले आहे. त्यांचा मुलगा कर्ममेळा याच्या नावावरील अभंगांत मात्र देवालाच जाब विचारला आहे. एकाच घरात कर्मसिद्धान्ताचा स्वीकार आणि त्याविरुद्धची तक्रार दोन्ही सापडतात.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न उघड वादाचा झाला. १८५५ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. बाळंतपणात आपल्या समाजातील बायकांच्या डोक्यावर धड छप्परही नसते, हे तिने त्यात मांडले. सटवाईच्या रात्रीचे हे वेगळे वर्णन आहे. मूल दगावण्यामागे थंडी, पाऊस आणि माणसांनी लादलेले दारिद्र्य आहे, असे आपण त्यातून वाचू शकतो.

१८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून विधवांवर दोष टाकणाऱ्या समाजाला धारेवर धरले. नवरा मेला तर बाईचे कपाळ फुटके, असे मानणाऱ्या काळातले हे पुस्तक आहे. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये फुल्यांनी शेतकऱ्याच्या घरातील जन्मापासूनच्या प्रत्येक प्रसंगी ग्रहांची भीती घालून पैसा कसा काढला जातो, याचा हिशेब मांडला. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये निघालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त प्रश्नोत्तरांच्या रूपात दैवाचीही चिकित्सा आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात त्यांनी गरिबाच्या आजच्या स्थितीला त्याचे पूर्वजन्मीचे कर्म जबाबदार धरणारे मत नाकारले. त्यांचा मुद्दा असा की हे मत मानले तर समाज आणि राज्य यांच्यावर कसलीच जबाबदारी उरत नाही.

या सगळ्यांनी स्वतःला ओळखण्याचा आणखी एक मार्ग दाखवला. आपली स्थिती कशी घडली, कोणत्या कायद्याने, रूढीने आणि कर्जाने घडली, हे जाणणे म्हणजेही आत्मज्ञान. मुक्ता साळवे हिच्या हाती लेखणी आली, तेव्हा लिहिण्याचा अधिकार सटवाईपुरता आणि कुलकर्ण्यापुरता उरला नाही.

६. तुलना करताना घ्यायची काळजी

योरुबा विचार उदार आणि आपला जुनाट, असा सोपा निष्कर्ष काढू नका. योरुबा समाजातही एखाद्याच्या दारिद्र्याचे कारण 'त्याचे ओरी वाईट' असे सांगून टाकता येते. तिथेही कौल वाचणारा तज्ज्ञ असतो आणि त्याला दक्षिणा द्यावी लागते. उलट सटवाईची कल्पना आईला अपराधी ठरवत नाही, हे तिचे मोल आहे. ज्या काळात मुले वाचत नसत, त्या काळात 'तुझी चूक नाही, तसे लिहिले होते' हे ऐकणे आवश्यक होते.

म्हणून एखाद्या श्रद्धेचा इतिहास लिहिताना ती खरी की खोटी एवढेच पाहून भागत नाही. लेख कोण लिहितो, तो कोणाला वाचता येतो आणि वाचल्यावर माणसाला काय करता येते, हे तीन प्रश्न विचारा. मुनिरक्याच्या खोलीत बसलेल्या विद्यार्थ्यालाही हेच प्रश्न उपयोगी पडतील. हजार जागांसाठी लाखो अर्ज आले, तर बहुसंख्यांचे नाव यादीत नसणारच. हे गणित कोणाच्याही कपाळावर लिहिलेले नाही. आपण कुठे कमी पडलो, जागाच किती होत्या आणि आपल्याला खरोखर काय करायचे आहे, या तिन्हींचा वेगवेगळा विचार त्याला करता आला पाहिजे. 'नशिबात नव्हते' या एका वाक्यात हे तिन्ही विचार एकत्र मिसळून जातात.

स्वाध्याय

१. तुमच्या घरात पाचवी किंवा सटवी पुजली जाते का? घरातील ज्येष्ठ स्त्रीला पूजेच्या मांडणीविषयी विचारा आणि तपशील लिहून काढा.
२. सटवाईचा लेख आणि प्रारब्ध या कल्पनांत दोष कोणावर येतो, ते उदाहरणासह स्पष्ट करा.
३. अफुवापेच्या कथेत निवड, ज्ञान आणि योगायोग यांचा वाटा किती, यावर २०० शब्दांत टिपण लिहा.
४. नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्यावरही सटवी पुजली जाते. यावरून श्रद्धेच्या इतिहासाबद्दल काय निष्कर्ष काढता येईल?