जालन्याची खिडकी, सिकंदराबादची नोंदवही

१९५६ मध्ये मराठवाडा हैदराबाद राज्यातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात सामील झाला आणि १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. मात्र या फेरबदलांनी जालन्याचे रेल्वेतील नाते बदलले नाही. निजामाच्या राजवटीत १८९९ ते १९०१ या काळात मनमाडपासून सिकंदराबादकडे मीटरगेज लोहमार्ग टाकला गेला, त्यावर जालना वसलेले होते. पुढे १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे स्थापन होऊन तिचे मुख्यालय सिकंदराबादला आले, तेव्हा या मार्गाचा कारभारही तिच्याकडे गेला. जालन्याच्या रेल्वे-आरक्षणाचा इतिहास समजून घेताना ही प्रशासकीय दिशा ध्यानात ठेवावी लागते.

संगणकापूर्वी आरक्षणाची नोंदवही सामान्यतः गाडी जेथून सुटते त्या स्थानकावर असे आणि मधल्या स्थानकांना ठरावीक जागांचा कोटा मिळे. कोटा संपला, किंवा परतीच्या प्रवासाची जागा हवी असली, की तारेने विनंती पाठवून उत्तराची वाट पाहावी लागे. एकच जागा दोघांना दिली जाऊ नये यासाठी नोंदवही एकाच ठिकाणी ठेवणे भाग होते, आणि ती एकाच ठिकाणी असल्यामुळे दूरच्या प्रवाशाची गैरसोय होत होती.

दिल्लीत १९८५-८६ मध्ये संगणकीय आरक्षण सुरू झाले आणि पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद येथेही अशी केंद्रे उभी राहिली. तरीही प्रत्येक केंद्राची नोंदवही वेगळी होती. त्या काळी मनमाडला ब्रॉडगेज संपून मीटरगेज सुरू होई आणि प्रवाशाला गाडी बदलावी लागे. केंद्रांच्या सीमेवर माहितीचीही तशीच अडवणूक होत होती. मनमाड ते जालना या लोहमार्गाचे रुंदीकरण १९९० च्या दशकात झाले. त्याच दशकात, १९९४ मध्ये, रेल्वे माहिती प्रणाली केंद्राने म्हणजेच ‘क्रिस’ने तयार केलेली ‘कॉन्सर्ट’ ही नवी प्रणाली सिकंदराबादला प्रथम कार्यान्वित झाली आणि १९९९ पर्यंत पाचही केंद्रे परस्परांशी जोडली गेली.

या जोडणीमागची रचना क्लायंट-सर्व्हर या नावाने ओळखली जाते. माहितीचा ताबा असलेला आणि विचारणेची वाट पाहणारा प्रोग्राम म्हणजे सर्व्हर, तर त्याच्याकडे विचारणा पाठवणारा प्रोग्राम म्हणजे क्लायंट. मुंबईच्या खिडकीवर एखाद्याने सिकंदराबादच्या नोंदीतील गाडीचे तिकीट मागितले, तर त्या व्यवहारापुरता मुंबईचा संगणक क्लायंट ठरतो; या भूमिका कायमच्या नसतात.

अशा दोन प्रोग्रामांमधील संवादाच्या टोकाला सॉकेट म्हणतात. संगणकाचा जाळ्यातील पत्ता आणि त्यावरील विशिष्ट प्रोग्राम दर्शवणारा क्रमांक, म्हणजे पोर्ट, यांवरून हे टोक ओळखले जाते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेने १९८३ मध्ये ४.२ बीएसडी या प्रणालीतून सॉकेटची जी पद्धत प्रसृत केली, तीच पुढे सर्वमान्य झाली. सी भाषेत पत्त्याची रचना भरणे, पोर्टशी जोडणे, ऐकण्यास सज्ज होणे आणि विचारणा स्वीकारणे या पायऱ्या प्रोग्रामकाराला एकेक करून लिहाव्या लागत. १९९६ मध्ये आलेल्या जावा या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषेने, म्हणजे माहिती व तिच्यावरील क्रिया एकाच घटकात बांधणाऱ्या भाषेने, हा तपशील ‘सर्व्हरसॉकेट’ आणि ‘सॉकेट’ या दोन घटकांच्या (क्लासच्या) आड ठेवला. ‘कॉन्सर्ट’ जावात लिहिलेली नव्हती. पण संगणकशास्त्राच्या वर्गांत जावातील थ्रेड शिकवताना, म्हणजे एकाच प्रोग्रामात समांतर चालणारी कामे समजावताना, शेवटच्या एका जागेसाठी एकाच वेळी आलेल्या दोन ग्राहकांचा दाखला वारंवार दिला जातो.

खरी अडचण मात्र संवाद जुळवण्यात नव्हती. टीसीपी हा नियमसंच पाठवलेली अक्षरे क्रमाने आणि अखंड पोचवण्याची व्यवस्था करतो. परंतु विचारणा पोचल्यानंतर व उत्तर परतण्यापूर्वी संपर्क तुटला, तर जागा नोंदली गेली की नाही हे खिडकीवरच्या लिपिकाला त्यातून कळत नाही. पुन्हा विनंती करावी तर दोन जागा अडकण्याचा धोका, न करावी तर प्रवासी रिकाम्या हाताने परतण्याचा. म्हणून नोंद, भाडे आणि तिकीट हे सर्व पूर्ण होणे किंवा त्यांतील काहीच न होणे, अशी व्यवहाराची हमी सॉकेटच्या वरच्या थरात वेगळी बांधावी लागते. संगणकीय आरक्षणाचे श्रेय नुसत्या ‘जोडणी’ला देणाऱ्या वर्णनांत हा थर बहुधा निसटतो, हे खेदजनक आहे.

ऑगस्ट २००२ मध्ये रेल्वेच्या ‘आयआरसीटीसी’ या कंपनीने इंटरनेटवरून तिकीटविक्री सुरू केली आणि विचारणा करणारे टोक खिडकीवरून प्रवाशाच्या घरी गेले. त्यानंतर वर्षभरातच, २००३ मध्ये, दक्षिण मध्य रेल्वेचा नांदेड विभाग स्थापन होऊन जालना त्यात आले. जुना कोटा मात्र नाहीसा झाला नाही. मधल्या स्थानकांसाठी राखलेल्या जागा आजही प्रणालीत वेगळ्या मोजल्या जातात आणि तेथील प्रतीक्षायादी तिकिटावर ‘आरएलडब्ल्यूएल’ या अक्षरांनी स्वतंत्रपणे दाखवली जाते.